शेवटचा कधी दिसला होता? यती, नेसी आणि तानसाच्या जंगलातला रानपिंगळा

घाटकोपर-विद्याविहारकडे राहणाऱ्यांना तानसा पाइपलाइन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. वस्तीच्या मधून गेलेले ते अजस्र नळ. लहानपणी आम्ही त्यांच्यावर चढून बसायचो आणि कान लावून आतलं पाणी ऐकायचो. हे पाणी शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावातून येतं, १८९२ पासून येतंय. तलावाभोवती सागाचं आणि मिश्र पानगळीचं जंगल आहे. २०१४ साली त्या जंगलात एका पक्षीनिरीक्षकाला एक ठेंगणं, करड्या-तपकिरी पाठीचं घुबड दिसलं. रानपिंगळा.

ही बातमी वाचली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. कारण १८८४ ते १९९७, म्हणजे तब्बल ११३ वर्षं, या पक्ष्याची जगात कुठेही खात्रीची नोंद नव्हती. तो संपला असावा असंच बहुतेकांनी धरलं होतं. आणि तो होता कुठे, तर मुंबईच्या पिण्याच्या पाण्याच्या काठाशीसुद्धा.

घरात, नात्यात, लग्नाच्या पंगतीत मला प्राण्यांचं वेड आहे हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे एक प्रश्न हटकून येतो. हिमालयात यती खरंच असेल का? त्या स्कॉटलंडच्या तळ्यातला राक्षस, नेसी? समुद्रात खोल कुठेतरी तो प्रचंड शार्क, मेगालोडॉन? आणि मग त्याच दमात, “नामशेष म्हणून सांगितलेले प्राणी सापडतातच ना मग?” सापडतात, हे खरं आहे. म्हणूनच हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. पण रानपिंगळा सापडला म्हणून यतीही सापडेल, असं होत नाही. असं का, हे नीट उलगडून सांगण्यासाठी हा लेख.

आधी थोडी निवड करू. आपल्या गडांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला असतो. सिंहासारखं अंग, काही ठिकाणी पंजांत धरलेले हत्ती. दोन तोंडांचा गंडभेरुंडही असतो. ही सत्तेची, पराक्रमाची चिन्हं. ज्याने तो दगड घडवला त्याने शरभ रानात पाहिला होता असं कुणी म्हणत नाही, आणि त्याला शोधायला कुणी जातही नाही. त्यांना बाजूला ठेवू. मग उरतात दोन जाती. एक, जे दिसल्याचं अनेकजण सांगतात पण ज्यांचं हाड, कातडं, दात असं काहीच कधी हाती आलेलं नाही. यती आणि नेसी यातले. दुसरी, जे एकेकाळी नक्की होते, ज्यांचं शरीर संग्रहालयात आहे, पण पुढे दिसेनासे झाले. रानपिंगळा यातला.

या दुसऱ्या जातीची सगळी गोष्ट एका चिठ्ठीवर उभी असते. फोर्टमध्ये लायन गेटजवळ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं (बीएनएचएस) हॉर्नबिल हाउस आहे. ही संस्था १८८३ ची. अशा संस्थांच्या संग्रहात पक्षी ठेवलेले असतात ते काचेमागे फांदीवर बसवलेले नसतात. लाकडी खणांत, पाठीवर झोपवलेले, पाय जुळवलेले, आणि पायाला दोऱ्याने बांधलेली एक छोटीशी कागदी चिठ्ठी. त्यावर लिहिलेलं असतं कुणी मिळवला, कुठे, कधी. बास. पक्षी शंभर वर्षांनी फिका पडतो, पण त्या तीन गोष्टी खऱ्या असतील तर त्याचा माग काढता येतो. खोट्या असतील तर काय होतं, हे रानपिंगळ्याने जगाला दाखवलं.

रानपिंगळ्याचं शास्त्रीय वर्णन १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमने केलं. हा तोच ह्यूम, ज्याच्या पुढाकाराने १८८५ मध्ये काँग्रेसचं पहिलं अधिवेशन आपल्या गोकुळदास तेजपाल पाठशाळेत भरलं. राजकारणाइतकाच तो पक्ष्यांत बुडालेला होता. त्यानंतर थोडे नमुने मिळाले, त्यातले बरेचसे जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशातून गोळा केलेले. सगळे धरून सात. १८८४ नंतर शांतता. मग रिचर्ड माइनर्ट्झहागन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात आणखी एक नमुना निघाला, चिठ्ठीवर लिहिलेलं १९१४, गुजरातमधलं मांडवी. साहजिकच सगळ्यांना वाटलं, शेवटचा ठावठिकाणा हा. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या माणसांनीही या पक्ष्याचा शोध घेतला. मिळाला नाही.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाई माइनर्ट्झहागनचा संग्रह तपासत होत्या. त्यांना शंका आली. कातडं सोलण्याची, आत कापूस भरण्याची प्रत्येक माणसाची हातोटी वेगळी असते, जशी दोन घरांतल्या पोळ्या वेगळ्या ओळखू येतात. क्ष-किरणांखाली धरल्यावर त्या ‘मांडवीच्या’ पक्ष्यात वरवर नवं भरण दिसलं, पण मुळातली हातोटी डेव्हिडसनची होती. माइनर्ट्झहागनने ब्रिटिश संग्रहालयातून डेव्हिडसनचा पक्षी चोरला होता, उसवून पुन्हा शिवला होता आणि त्याच्या पायाला खोटी चिठ्ठी बांधली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये हे सगळं पुराव्यासकट छापलं.

एकदा ती चिठ्ठी खोटी ठरली की शोधाची दिशाच बदलते. मांडवी सोडायची आणि १८८४ च्या आधीच्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांकडे जायचं. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघं तेच करत होते. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, एका निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर तो बसलेला होता. भर उजेडात. घुबड म्हटलं की आपण रात्र धरतो, पण हा दिवसा उठबस करणारा. नेहमीच्या पिंगळ्यासारखाच दिसतो, पण डोक्यावर आणि पाठीवर ठिपके जवळजवळ नाहीत, पंखांवर आणि शेपटीवर ठसठशीत पट्टे, पोट पांढरं, पंजे आणि चोच चांगलीच थोराड. पुढे मेळघाटात दिसला, इतर ठिकाणी दिसला, आणि २०१४ मध्ये तानसात. तो गेलाच नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी ११३ वर्षं गेली. एका माणसाच्या लबाडीने त्यातल्या कितीतरी वर्षांचा शोध भलतीकडे वळवला, याचा मला आजही राग येतो.

आता ‘नामशेष’ या शब्दाकडे येऊ, कारण सगळी गंमत तिथे आहे. आपल्याला वाटतं की नामशेष म्हणजे शेवटचा प्राणी मेल्याचं कुणीतरी पाहिलं. तसं फार क्वचित होतं. संकटग्रस्त जीवांची जागतिक यादी ठेवणारी आययूसीएन ही संस्था ‘नामशेष’ तेव्हाच म्हणते, जेव्हा शेवटचा जीव मेला याबद्दल रास्त शंका उरत नाही. आणि शंका उरत नाही कधी? त्या प्राण्याच्या माहीत असलेल्या आणि शक्य असलेल्या सगळ्या जागी, योग्य ऋतूत, योग्य वेळी, कसून शोध घेऊनही तो मिळाला नाही तर. म्हणजे नामशेष हा शब्द जितका प्राण्याबद्दल बोलतो तितकाच शोधणाऱ्यांबद्दल बोलतो.

घरात किल्ली हरवल्याचं घ्या. “किल्ली घरात नाही,” असं मी दोन खण उघडून म्हणाले तर त्याला किंमत नाही. गादी उचलून, पर्स उलटी करून, कचऱ्याच्या डब्यातही पाहून म्हणाले तर बरीच आहे. ‘दिसली नाही’ हे दोन्ही वेळा खरंच, पण त्याचं वजन वेगळं. हेच वजन ज्याला मोजता आलं, त्याला यती आणि रानपिंगळा यातला फरक कळला.

याचं दुसरं सुंदर उदाहरण आंध्र प्रदेशातलं आहे, आणि त्यातही आपल्या हॉर्नबिल हाउसचा हात आहे. जेर्डनचा धाविक हा जमिनीवर पळणारा पक्षी १८४८ च्या सुमारास नोंदला गेला, १९०० नंतर दिसेनासा झाला. धाविकांच्या भाऊबंदांपैकी आपल्या माळरानावर दिसणारे पक्षी दिवसाचे, उघड्यावरचे. हा निघाला रात्रीचा, काटेरी झुडपांतला. चुकीच्या वेळी, चुकीच्या रानात शोधलं तर सापडणार कसा? बीएनएचएसचे भरत भूषण यांनी कडप्पा भागात पक्ष्याची चित्रं स्थानिक लोकांना दाखवत विचारपूस केली. त्यांना तो माहीत होता, त्यांच्या तेलुगूत त्याला नावही होतं, कलिवि कोडी. जानेवारी १९८६ मध्ये तिथल्याच एका पक्षी पकडणाऱ्याने रात्री बॅटरीच्या उजेडात तो धरून आणला. शास्त्राच्या दृष्टीने ८६ वर्षं गायब असलेल्या पक्ष्याला गावात रोजच्या बोलण्यातलं नाव होतं.

गावाला नाव माहीत असणं ही खूण फार मोलाची. मात्र तीही एकटी पुरत नाही, कारण यतीलाही नाव आहे. म्हणून नावाच्या जोडीला काहीतरी हातात धरता येण्यासारखं लागतं. सिलाकँथ या माशाच्या बाबतीत अख्खा मासाच हातात आला.

२२ डिसेंबर १९३८. दक्षिण आफ्रिकेतलं ईस्ट लंडन बंदर. तिथल्या छोट्या संग्रहालयाच्या मार्जरी कोर्टने-लॅटिमर ट्रॉलरवरची मासळी पाहायला धक्क्यावर गेल्या. काही वेगळं जाळ्यात आलं तर त्यांना कळवायचं, असा कॅप्टन हेंड्रिक गूसन यांच्याशी त्यांचा घरोबा होता. ढिगाखालून एक निळा पर डोकावत होता. वरची मासळी बाजूला सारली तर सुमारे दीड मीटर लांबीचा, जाड खवल्यांचा मासा, आणि त्याचे पर हातापायांसारखे मांसल दांड्यांवर बसलेले. टॅक्सीवाला तो दुर्गंधीचा मासा गाडीत घ्यायला तयार होईना. शवागारात नेला, तिथे नकार. शीतगृहात नेला, तिथेही नकार. ऐन उन्हाळा. शेवटी कातडं तेवढं वाचलं, आतलं सगळं गेलं. त्यांनी काढलेलं रेखाचित्र पाहून जे. एल. बी. स्मिथ या मत्स्यतज्ज्ञांनी ओळखलं की या माशाचे भाऊबंद सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनासोरांबरोबरच, जीवाश्मांतून नाहीसे झालेत. दुसरा मासा मिळायला १९५२ उजाडलं, कोमोरोस बेटांवर. तिथले कोळी त्याला गोम्बेसा म्हणत आणि तो अधूनमधून त्यांच्या गळाला लागत असे. त्याची दुसरी जात इंडोनेशियात १९९७ मध्ये दिसली ती तर सरळ मासळी बाजारात. तिथे त्याचं नाव ‘समुद्राचा राजा’ अशा अर्थाचं.

बाजार हा शब्द लक्षात ठेवा. लाओसमध्ये १९९६ साली शास्त्रज्ञांना खाण्याच्या बाजारात विकायला ठेवलेला एक खारीसारख्या शेपटीचा उंदीर दिसला, स्थानिक नाव खा-न्यू. पुढे कळलं की त्याचं आख्खं कुळ १.१ कोटी वर्षांपूर्वी संपलं असं जीवाश्मांवरून मानलं जात होतं. विकणाऱ्याच्या लेखी ते संध्याकाळचं कालवण होतं.

इथे एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे, कारण मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंत तो सर्रास असतो. “सिलाकँथ सापडला, मग तळ्यात डायनासोर का नसेल?” आजचा सिलाकँथ हा काही सहा कोटी वर्षांपूर्वीचाच मासा नाही. त्या कुळाची एक शाखा टिकली, बदलत आली. तिचे जीवाश्म मिळाले नाहीत, याचं एक कारण म्हणजे ती खोल समुद्रातल्या खडकाळ कडेकपारींत राहते आणि तिथले अवशेष आपल्या हाती लागणं दुरापास्त. म्हणजे तिथे आपण नीट शोधलेलंच नव्हतं. मेगालोडॉनचं तसं नाही. त्याचे तळहाताएवढे दात ढिगांनी मिळतात, आणि सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी ते मिळायचे थांबतात. शार्कचे दात जन्मभर गळत राहतात. एवढा मोठा जीव समुद्रात असता तर ताजे दात आणि अंगावर चाव्यांच्या खुणा असलेले देवमासे मिळालेच असते. त्याचं खाद्यही वरच्या पाण्यात होतं, अथांग अंधारात नव्हे.

नेसीचंही असंच पारखून पाहू. लॉख नेस हे तळं सुमारे ३७ किलोमीटर लांब, दोनशे मीटरहून खोल, पाणी पीटमुळे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीमुळे, काळसर. लपायला जागा आहे, कबूल. पण सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत तिथे बर्फच होता, तेव्हा कोट्यवधी वर्षं तिथे कुणी राहत आलं असं म्हणता येत नाही. शिवाय १९३३ पासून आजवर ‘तोच’ प्राणी दिसत असेल तर एकटा कसा पुरेल? आई-बाप लागतात, पिल्लं लागतात, म्हणजे कळप लागतो. सरपटणारा जीव असेल तर श्वासाला सारखं वर यावं लागणार. १९३४ मधला तो लांब मानेचा प्रसिद्ध फोटो खेळण्यातल्या पाणबुडीला मान चिकटवून काढला होता, हे १९९४ मध्ये उघड झालं.

आणि मग २०१८ मध्ये न्यूझीलंडचे नील गेमेल यांनी जे केलं ते मला फार आवडतं. पाण्यात राहणारा प्रत्येक जीव कातडीचे कण, बुळबुळीत स्राव, विष्ठा सोडत असतो आणि त्यात त्याचा डीएनए असतो. बादलीभर पाणी गाळून गाळणीवर अडकलेला डीएनए वाचला की त्या पाण्यात कोण कोण राहतं याची हजेरी घेता येते, एकालाही न पकडता. त्यांनी तळ्याच्या वेगवेगळ्या जागांवरून, खोलीवरून सुमारे २५० नमुने घेतले. सरपटणाऱ्या प्राण्याचा डीएनए मिळाला नाही. वाम माशाच्या नात्यातल्या ईलचा मात्र जवळजवळ सगळीकडे मिळाला. हा झाला गादी उचलून घेतलेला शोध.

यतीबद्दल मी थोडी हळवी आहे. हिमालयातल्या लोकांच्या मनात तो ज्या आदराने आहे, त्याला उणं बोलायचं नाही. आपल्याकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवर वाघोबाला मानतात, तसंच ते. पण तुलना इथेच करून बघा. शंभर चौरस किलोमीटरहून थोड्या मोठ्या त्या उद्यानात, चारी बाजूंनी शहर असताना बिबटे राहतात. बोरिवलीत, मुलुंडमध्ये आयुष्य काढलेल्या कितीतरी लोकांना तो एकदाही दिसलेला नसतो. म्हणजे मोठं जनावर माणसाजवळ लपू शकतं. तरीही बिबट्या मागे सोडतो किती! मातीतले ठसे, केस मिसळलेली विष्ठा, झाडावरचे ओरखडे, नेलेल्या कुत्र्याचा पट्टा. रानात लावलेल्या कॅमेऱ्यांतल्या फोटोंवरून अंगावरच्या ठिपक्यांची रचना जुळवून प्रत्येक बिबट्या वेगळा ओळखता येतो. यतीने इतक्या वर्षांत असं काय सोडलं? गिर्यारोहक एरिक शिप्टन यांचा १९५१ मधला बर्फातल्या पाऊलखुणेचा फोटो, आणि एप्रिल २०१९ मध्ये भारतीय लष्कराने मकालू शिखराच्या तळाजवळची म्हणून प्रसिद्ध केलेली ३२ बाय १५ इंचांची पावलं. उन्हाने बर्फ वितळला की ठसा फैलावतो. अस्वल चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर अर्धवट टाकतं, त्यानेही तो लांबट, माणसासारखा दिसतो. मठांत आणि संग्रहांत ‘यतीचे’ म्हणून जपलेले हाड, दात, कातडं, केस, विष्ठा असे नऊ नमुने शार्लट लिंडक्विस्ट यांच्या चमूने डीएनएसाठी तपासले, २०१७ मध्ये निष्कर्ष छापले. आठ अस्वलांचे, एक कुत्र्याचा. त्या अभ्यासातून हिमालयातल्या दुर्मीळ तपकिरी अस्वलाच्या वंशावळीबद्दल मात्र नवी माहिती मिळाली. ते अस्वल स्वतःच संकटात आहे आणि त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नाही.

दंतकथा खरी निघाल्याचंही एक चांगलं उदाहरण आहे, तेही सांगते. जहाजाला मिठी मारणारा क्राकेन. त्यामागे राक्षसी माकूळ होता. पण त्याची चोच आणि किनाऱ्याला लागलेली कलेवरं माणसाच्या हाती होतीच. त्यांवरूनच १८५७ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं. खोल समुद्रात जिवंत फिरतानाचा पहिला फोटो मात्र २००४ मध्ये जपानजवळ निघाला. आधी अवशेष, मग फोटो.

टास्मानियाचा थायलसिन हा पट्टेरी पाठीचा, पिशवीत पिल्लू वाढवणारा शिकारी. मेंढ्या मारतो म्हणून सरकारने १८८८ ते १९०९ या काळात त्याच्या शिकारीवर बक्षिसं दिली, दोन हजारांहून जास्त. शेवटचा माहीत असलेला ७ सप्टेंबर १९३६ ला होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. त्याचा खण कातडी आणि चिठ्ठ्यांनी भरलेला आहे आणि तो दिसल्याचं सांगणारे आजही भेटतात. मला त्याच्याबद्दल आशा वाटत नाही. टास्मानियाच्या रस्त्यांवर रात्री गाडीखाली येऊन असंख्य वन्यप्राणी मरतात. इतक्या वर्षांत त्यात एकही थायलसिन नाही.

मग उगाच आशा तरी कशाला धरायची, घोषित करून मोकळं का होऊ नये? याचं उत्तर नायजेल कॉलर यांनी दिलं, तेच, ज्यांनी खोटी चिठ्ठी उघड केली. ते याला रोमिओची चूक म्हणतात. ज्युलिएट मेली असं समजून रोमिओने घाई केली आणि खरोखरच सगळं संपलं. फिलिपिन्सच्या सेबू बेटावर जंगल जवळजवळ सगळं तोडलं गेलं होतं. तिथला फुलटोच्या पक्षी संपला असं दशकानुदशकं मानलं गेलं, त्यामुळे उरलेल्या झाडांकडे कुणी पाहिलं नाही. १९९२ मध्ये तो पक्षी तिथे दिसला. मधल्या काळात त्याच्यासाठी काय काय वाचवता आलं असतं!

भारतात माझी सगळ्यात मोठी आशा आहे ती हिमालयातल्या पहाडी लाव्यावर. मसुरी आणि नैनिताल या दोनच परिसरांतून त्याचे थोडे नमुने आहेत, शेवटची खात्रीची नोंद १८७६ ची. तीव्र उतारावरच्या दाट, उंच गवतात तो राहायचा आणि पाय अंगावर पडेपर्यंत उडायचा नाही. असा पक्षी शोधणं म्हणजे उतारावरचं गवत वीत वीत करून चालणं. तसं चाललंय कोण? आता रानात ध्वनिमुद्रक लावून, पक्ष्यांचे आवाज संगणकाकडून ओळखून घेण्याची सोय झाली आहे. पण या लाव्याचा आवाज मुद्रित झालेलाच नाही. १८७६ मध्ये आवाज साठवायचं यंत्रच नव्हतं. तेव्हा संगणकाला शिकवायचं काय? गुलाबी डोक्याच्या बदकाबद्दल मी इतकी आशावादी नाही. तो मोठा, दलदलीतला, रंगाने सहज ओळखू येणारा. पण आययूसीएन दोघांनाही अजून ‘नामशेष’ म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे.

शोध कुठे घ्यायचा हे कधीकधी अगदी जवळचं असतं. जोगेश्वरीतल्या एका विहिरीतून आंधळा, रक्तवर्णी, ईलसारखा मासा मिळाला. जमिनीखालच्या पाण्यात राहणारा, शास्त्राला पूर्णपणे नवा. २०२२ मध्ये त्याचं नामकरण झालं, मुंबादेवीवरून ‘मुंबा’. लोकलच्या खिडकीतून दिसेल इतक्या अंतरावर.

गेल्या हिवाळ्यात मी पहाटे भाऊच्या धक्क्यावर गेले होते. सिलाकँथची गोष्ट वाचल्यापासून मला तिथल्या ढिगांकडे नुसतं बघत राहायची सवय लागली आहे. विकाऊ मासळी वेगळी काढली की उरते ती बारीक, मिश्र, भुकटीसाठी जाणारी. त्यात कितीतरी जीव असतात ज्यांची नावं मला माहीत नाहीत. ओळखीच्या एक मावशी तिथे पाटी घेऊन बसतात. मी त्यांना मोबाइलवर सिलाकँथचा फोटो दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला, बोटाने चित्र मोठं केलं.

“आपल्या इकडचा नाय हा. शेपटी बघ ना, शेपटीतून आणखी एक शेपटी आलीय.”

खरंच, सिलाकँथची ती सगळ्यात पक्की खूण आहे. मला पुस्तक वाचून कळली होती, त्यांना चार सेकंदांत दिसली.

मग मी दुसरा फोटो काढला. करवत मासा. पाकटाच्या नात्यातला, तोंडापुढे दोन्ही बाजूंना दात असलेली लांब पट्टी. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी राहणारा, थोडीच पिल्लं देणारा. ती करवत जाळ्यात अडकली की सुटत नाही, म्हणून जगभर त्याच्या पाचही जाती संकटात आहेत. आपल्या वन्यजीव कायद्यात २००१ पासून त्याला वाघाइतकं संरक्षण आहे.

“करवत! ही यायची ना. माझ्या सासऱ्यांच्या बोटीला पण आली होती. जाळं पार फाडलंन.”

“मावशी, तुम्ही स्वतः शेवटची कधी पाहिलीत?”

त्यांनी पाटीवरचा हात थांबवला. बोटांवर काहीतरी मोजलं.

“धाकटा पोटात होता तेव्हा. मी आठव्या महिन्यात, तरी धक्क्यावर बसत होते. मोठी होती, चौघांनी उचलली.”

“धाकटा आता केवढा?”

“पस्तीस लागलं त्याला.”

“आणि मिळाली कुठे होती?”

“वसईच्या खाडीच्या तोंडाशी. त्यानंतर नाय दिसली, पोरी. माझ्या डोळ्याला तरी नाय.”

मी पर्समधून किराण्याची पावती काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: करवत मासा, एक, मोठा. वसई खाडीचं तोंड. साधारण १९९०. मग मावशींना त्यांचं पूर्ण नाव विचारलं आणि तेही खाली लिहून घेतलं.